उठलेली पंगत

आमच्या अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, इंग्रज फारसे आवडत नसत. इंग्रजांच्या रीती आवडत. हा फरक त्यांनी जन्मभर लोकांना समजावून सांगितला आणि तो कुणालाही कधी पटला नाही. गल्लीत त्यांना विलायती अण्णा म्हणत, आणि तेही पाठीमागे नव्हे, चांगलं तोंडावर. पाटणकर बाजाराच्या मागच्या अंगाला आमचं भाड्याचं बिऱ्हाड होतं. तिथून अण्णा सकाळी दफ्तराला निघत ते पगडी, बंद गळ्याचा कोट, धोतर आणि हातात काळी छत्री अशा थाटात. ग्वाल्हेरला पाऊस किती पडतो ते ज्यांनी तिथला उन्हाळा काढलाय त्यांनाच विचारावं. समोरचे शिंपीकाका मशीन थांबवून विचारत, "अण्णासाहेब, बादल तर नाही आले, मग छत्री कशाला घेऊन चाललात?" अण्णा त्यांना गंभीरपणे सांगत की छत्री पावसासाठी नसते, शिस्तीसाठी असते.

परसात कडू नारिंगाचं झाड होतं. त्याच्या सालींचा मुरांबा आई दर थंडीत करी, अण्णांनी सांगितलेल्या कृतीनं, आणि करताना म्हणे की असलं कडूजहर औषध इंग्रज रोज सकाळी उठून का खातात ते त्यांचं त्यांनाच ठाऊक. अण्णा तो पोळीला लावून खात आणि डोळे मिटून घेत. विलायत सोडाच, त्यांनी मुंबईसुद्धा पाहिली नव्हती. त्यांना एकही इंग्रज मित्र नव्हता. लोक याला हसतात तेव्हा मला अजून राग येतो. ज्याला देव भेटलेला नाही तोही पूजा करतोच की.

आमचं घराणं दख्खनेतून फौजेमागून आलेलं. पणजोबा-खापरपणजोबा दफ्तरात मोडी लिहीत. अण्णांच्या वाट्याला इंग्रजी आलं. दरबारात कुणी मोठा साहेब पाहुणा आला की संध्याकाळी खाना होई, आणि खान्याच्या शेवटी इंग्रजीत भाषण होई. ते भाषण अण्णा लिहीत. बोलणारा कुणी वेगळाच असे, एखादा सरदार नाहीतर मंत्री. वाचता वाचता त्याचा कागद हरवला तर जवळ असावी म्हणून नक्कल हातात घेऊन अण्णा दाराशी पडद्याआड उभे राहत. त्या मेजावरचं काही त्यांना चालण्यासारखं नव्हतंच. ते घरी येत, अंघोळ करत, सोवळं नेसत आणि पिठलंभात खात. एकदा एका सरदारानं मधला एक अख्खा परिच्छेद गाळला. त्या दिवशी जेवताना अण्णांनी तो आम्हाला म्हणून दाखवला. आम्हाला ओ की ठो कळलं नाही, पण त्यांचा आवाज कापत होता ते कळलं.

त्या भाषणाचा शेवट कसा होई, ते अण्णा आम्हाला इतक्यांदा सांगत की मला तो मी पाहिल्यासारखा आठवतो. बोलणारा पाहुण्याबद्दल चार चांगले शब्द बोलतो, हातातला पेला उंचावतो आणि मेजाभोवतीची सगळी माणसं, लहानथोर, त्या एका माणसासाठी उभी राहतात. याला टोस्ट म्हणतात, असं अण्णा सांगत. इंग्रजांचं राज्य, त्यांच्या रेल्वे, त्यांच्या फौजा, यातलं त्यांना काही नको होतं. त्यांचं मन बसलं होतं ते या एका रीतीवर. ते म्हणत, "आपल्यात माणसाबद्दल चांगलं बोलायचं तर आधी त्याला मरावं लागतं. ते लोक जिवंत माणसासमोर बोलतात, आणि उभे राहतात."

ते खोटं नव्हतं. आमच्यात कुणाचं तोंडावर कौतुक करत नसत. दृष्ट लागते, आणि पोर शेफारतं. माझ्या ताईनं शाळेत पहिला नंबर काढला तेव्हा घरात एकूण जे बोललं गेलं ते "बरं झालं" एवढंच. ताई माझ्याहून पाच वर्षांनी मोठी. तिचं अक्षर, तिचा आवाज, तिच्या हातच्या घडीच्या पोळ्या, काय काय म्हणून सांगू? आत्या-मावश्या तिच्याबद्दल म्हणत, "ठीक आहे, काम निपटून घेते." आणि गंमत अशी की खुद्द अण्णाही तिला कधी काही म्हणत नसत. तिनं काही करून दाखवलं की ते मान हलवत आणि छत्री शोधायला लागत. आईला हे फार लागे. ज्या मडमेला यांनी उभ्या जन्मात पाहिलं नाही तिच्या हसण्यावर हे चार ओळी लिहितात, ती म्हणे, आणि माझ्या पुरणपोळीवर नुसता एक हुंकार. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

मग देश स्वतंत्र झाला आणि पुढच्याच वर्षी आमचं संस्थान विलीन झालं. मध्य भारत नावाचं राज्य आलं. थंडीत राजधानी ग्वाल्हेर, उन्हाळ्यात इंदूर, अशी तिची सोय लावली होती. पेट्याच्या पेट्या भरून दफ्तर इंदूरला जाई आणि थंडीला परत येई. अण्णाही त्या पेट्यांबरोबर जात-येत. खाने बंद झाले. भाषणं खूप झाली, पण ती हिंदीत, आणि मंत्री ती आपली आपणच करत. अण्णांना मागच्या खोलीत एक मेज दिलं आणि जुने इंग्रजी कागद लावायला सांगितलं. त्यांनी कधी तक्रार केली नाही. काळ बदलला की शहाण्या माणसानं जागा बदलावी, असं ते म्हणत. फक्त जेवताना भाषणातले उतारे म्हणणं थांबलं.

पुढे राज्यांची पुन्हा नव्यानं वाटणी व्हायची चर्चा सुरू झाली आणि ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या मराठी घरांत एक वेगळीच घबराट शिरली. भाषेवरून राज्यं होणार, राजधानी भोपाळला जाणार. आमच्यासारख्यांचं काय? आम्ही तिकडचे नव्हतो आणि आता इकडचेही राहणार नव्हतो. बाड्यावर, म्हणजे भर बाजारातल्या चौकात, संध्याकाळी बसणारी म्हातारी मंडळी म्हणत, काही होत नाही, दोनशे वर्षं झाली, आपण इथलेच. अण्णांना ते पटेना. त्यांनी आपल्या डोळ्यांनी आपल्यासकट एक अख्खं खातं मागच्या खोलीत जाताना पाहिलं होतं.

ताईचं लग्न या घबराटीतून ठरलं, हे मी आज स्पष्ट सांगते. आईच्या मनात एक स्थळ होतं, अगदी जवळचं, बाड्यापलीकडचं. मुलगा तारखात्यात होता, सालस होता, आणि मुलगी हाकेच्या अंतरावर राहिली असती. अण्णांनी ते नाकारलं आणि साताऱ्याकडचं स्थळ पक्कं केलं. मुलगा हायस्कुलात गणित शिकवणारा, घर वैदिकाचं, जुन्या वळणाचं. आई म्हणाली, "इथं काय कमी पडून राहिलंय तिला? इतकी दूर पोरगी पाठवून द्यायची?" अण्णा म्हणाले की इथं उद्या आपली भाषा बोलायलासुद्धा माणूस उरायचा नाही, तिकडं निदान तिची मुलं मराठी बोलतील.  आई नुसती रडली, आणि अण्णा छत्री घेऊन बाहेर पडले. ताईला कुणी विचारलं नाही. त्या काळी विचारत नसत.

नवं राज्य नोव्हेंबरात झालं आणि अण्णांचा भोपाळला बदलीचा हुकूम आला. लग्न मार्गशीर्षात होतं. लग्न उरकून जायचं ठरलं. त्या पंधरवड्यात अण्णा गच्चीवर फेऱ्या घालत आणि ओठातल्या ओठात काही पुटपुटत. मला आधी वाटलं स्तोत्र म्हणताहेत. नंतर ऐकलं तर इंग्रजी होतं. त्यांनी मला जवळ बोलावलं आणि हळूच सांगितलं, "तुझ्या ताईच्या लग्नात मी बोलणार आहे." जन्मभर त्यांनी दुसऱ्यांच्या तोंडी घालायचं म्हणून लिहिलं होतं. आता एकदाच स्वतःच्या तोंडानं, स्वतःच्या मुलीबद्दल, चार माणसांसमोर बोलायचं होतं. मी तेव्हा चौदा वर्षांची होते आणि मला ती कल्पना फारच मोठी वाटली. आईला सांगू नकोस, म्हणाले. मी सांगितलं नाही. सांगून तरी काय झालं असतं? आईलाही पुढचं दिसलं नसतं.

वऱ्हाड रेल्वेनं आलं आणि ग्वाल्हेरच्या थंडीनं गारठून गेलं. एका देवळाच्या सभामंडपात लग्न होतं. तिकडच्या बायका आमच्या बोलण्याला पदराआड हसत. सब्जी काय, चाय काय, येऊन राहिले काय. व्याही, म्हणजे ताईचे सासरे, उंच, मितभाषी, भले गृहस्थ होते. त्यांचे वडील, ताईचे आजेसासरे, मोठे वैदिक, ऐंशीच्या घरातले. प्रवासात त्यांनी फळांखेरीज काही घेतलं नव्हतं. लग्न लागलं तोवर दुपार झाली. अक्षता पडल्या तेव्हा अण्णांनी डोळे पुसले नाहीत. ते खिशावर हात ठेवून उभे होते. खिशात काही नव्हतं. सगळं पाठ होतं.

आता इथं एक रीत सांगायला हवी. मुलीचा बाप मुख्य पंगतीला बसत नाही. तो पंगतीतून फिरतो, आग्रह करतो, हात जोडतो. अण्णाही तसेच फिरणार होते आणि मधे कुठंतरी उभ्या उभ्या बोलणार होते. तसं झालं असतं तर काहीच बिघडलं नसतं. एक हौस म्हणून लोकांनी ऐकून घेतलं असतं आणि नंतर आठवडाभर हसले असते. पण व्याह्यांनी मोठ्या मनानं अण्णांचा हात धरला. आज तुम्ही आमचे सोयरे झालात, माझ्या शेजारी पाटावर बसा, म्हणाले. तिकडच्या माणसानं केलेला हा मान होता. नाही कसं म्हणणार? अण्णा बसले.

पळसाच्या पत्रावळी मांडल्या होत्या. तिकडच्यांना केळीची पानं हवी होती, ती थंडीत आमच्याकडे मिळाली नाहीत. एका टोकाला आजेसासरे, मग व्याही, मग अण्णा. समोरच्या ओळीत नवरा-नवरी. तळहातावर पाणी घेऊन आपोशन झालं, पहिला भात झाला. कुणी कुणी श्लोक म्हटले. ताईनं नाव घेतलं, नवऱ्यानं घेतलं, घास भरवले, हशा झाला. मी वाढायला होते, माझ्या हातात मिठाचं ताट होतं. मुदपाकातून जिलब्यांच्या परड्या यायच्या होत्या. अण्णांनी इतकी वर्षं पडद्याआडून पाहिलं होतं की गोडाच्या सुमाराला बोलणारा उठतो. त्यांनी डावा हात जमिनीला टेकला आणि ते उठून उभे राहिले.

ज्यांना या जेवणाची रीत माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. आपोशन घेऊन पानावर बसलेल्या माणसानं सगळ्यांचं होईपर्यंत उठायचं नसतं. एक उठला की पंगत मोडली. मग बाकीच्यांनी पुढचा घास घ्यायचा नाही. हे अण्णांना माहीत नव्हतं का? चांगलं माहीत होतं. लहानपणापासून ते असंच जेवत आले होते. पण टोस्टच्या वेळी ते कधी पानावर बसलेले नव्हते, आणि पानावर बसलेले असताना त्यांनी कधी टोस्ट पाहिला नव्हता. दोन्ही रीती त्यांनी मनोभावे पाळल्या, दोन वेगळ्या घरांत. त्या एकाच पाटावर येतील हे त्यांच्या ध्यानातच आलं नाही.

त्यांनी डाव्या हातानं चांदीचं फुलपात्र उचललं, कारण उजवा खरकटा होता. ताईकडे पाहिलं. आणि इंग्रजीत पहिलं वाक्य म्हटलं. उपस्थित बंधुभगिनींनो, अशा अर्थाचं काही होतं. आवाज मोठा होता, स्वच्छ होता. मी त्यांचा तसला आवाज आधी कधी ऐकला नव्हता.

टोकाला आजेसासऱ्यांचा हात थांबला. त्यांनी अण्णांकडे पाहिलंसुद्धा नाही. तळहातावर पाणी घेतलं, मंत्र म्हटला, प्यायले, पत्रावळ दुमडली आणि नातवाच्या खांद्याचा आधार मागितला. नवरदेव घाईनं उठून त्यांच्याकडे गेला. मग व्याही उठले. मग त्यांच्या पलीकडचे, मग समोरचे, आणि बघता बघता अख्खी पंगत उभी राहिली.

अण्णांचा चेहरा मी तेव्हा पाहिला. त्यांना वाटलं हे सगळे ताईसाठी उठले. एवढी माणसं, तिकडची, अनोळखी, त्यांच्या एका वाक्यावर त्यांच्या मुलीसाठी उभी राहिली. त्यांच्या तोंडावर जो आनंद आला तसा मी आयुष्यात कुणाच्याच तोंडावर पाहिलेला नाही. त्यांनी फुलपात्र आणखी वर केलं. आणि मग माणसं वळली, हात धुवायच्या जागेकडे चालायला लागली, आणि जिलब्यांच्या परड्या घेऊन आलेले लोक दारातच थबकले.

त्या गोंधळात एकटी ताई बसून होती. मांडीवर हात, मान खाली, अर्धी पत्रावळ समोर. ज्याच्यासाठी टोस्ट असतो त्यानं उठायचं नसतं, बसून राहायचं असतं, हे अण्णांनी आम्हाला दहादा सांगितलं होतं. तिला कळलं होतं ते काय करायला निघाले होते. त्या मांडवात ते तिलाच काय ते कळलं. तिची सासू दोनदा म्हणाली, अगं ऊठ. ती उठली नाही. वडील फुलपात्र खाली ठेवेपर्यंत ती तशीच बसली.

कुणी ओरडलं नाही. ओरडले असते तर बरं झालं असतं. व्याही हात पुसून परत आले आणि हलक्या आवाजात अण्णांना म्हणाले, "वडिलांच्या पानावर अपमान झाला. तुमच्या मनात काय होतं ते मला माहीत नाही. मुलगी आमची आहे, तिला काही कमी पडणार नाही. पण ते आहेत तोवर तुमच्या घरचं पाणी आम्हाला चालणार नाही." अण्णांनी पगडी काढून हातात घेतली आणि समजावायला तोंड उघडलं. काय समजावणार? आमच्या हिंदाळलेल्या मराठीत टोस्ट कसा समजावतात? ते नुसते "चूक झाली" म्हणाले. वऱ्हाड उपाशी निघालं. टांग्यात बसताना ताईनं आईच्या गळ्यात मिठी मारली, मला कुरवाळलं, आणि अण्णांच्या पायांवर डोकं ठेवलं ते बराच वेळ उचललं नाही. अण्णांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

गावभर झालंच. शहराच्या पार दुसऱ्या टोकाला हजीऱ्यापर्यंत लोकांना ठाऊक झालं की विलायती अण्णांनी मुलीच्या लग्नात दारूसारखा पेला उंचावला. फुलपात्रात पाणी होतं, पण हे ऐकून कोण घेतो? आठवड्यानं अण्णा भोपाळला गेले, एकटेच, कारण माझी शाळा होती. तिथं एका खोलीत राहत, स्वतः हातानं करून खात. सुट्टीला येत तेव्हा आमच्याबरोबर जेवायला बसत नसत. आमचं झाल्यावर एका कोपऱ्यात पाट घेऊन बसत. आई म्हणे, घरात कसली आली पंगत? ते म्हणत, मला सावकाश जेवायला आवडतं.

दिवाळसणाला ताई आली नाही. पहिलं बाळंतपण माहेरी, ही तर जगाची रीत. तिला पाठवलं नाही. आईनं डिंकाचे लाडू करून ओळखीच्या माणसाबरोबर धाडले. डबा तसाच परत आला. त्या रात्री आई जे बोलली ते मी लिहिणार नाही. मुलगा झाल्याचं कार्ड आलं तेव्हा अण्णा भोपाळहून परस्पर साताऱ्याला गेले. व्याह्यांनी त्यांना बाहेरच्या ओट्यावर बसवलं, गूळपाणी दिलं, आदरानं वागवलं. ताई बाहेर आली, नमस्कार केला, बाळ दाखवलं आणि आत गेली. परत आल्यावर अण्णांनी आम्हाला एवढंच सांगितलं, की मुलगी बरी आहे. सासरी तिला मारहाण नव्हती, उपासमार नव्हती. फक्त सगळे उठले तरी सून बसून राहिली, हे तिला वर्षानुवर्षं ऐकवलं गेलं. ती बापाच्या वळणावर गेली आहे, हे त्यांच्या घरात तिच्या प्रत्येक चुकीचं कारण होतं.

आजेसासरे गेले आणि त्यांचं वर्षश्राद्ध झाल्यावर व्याह्यांनी शब्द पाळला. ते आहेत तोवर म्हणाले होते, ते आता नव्हते. त्यांनी ताईला आणि मुलाला दीरासोबत पाठवून दिलं. तोवर अण्णा निवृत्त होऊन परत आले होते. ताई टांग्यातून उतरली ती अंगानं सुकलेली आणि बोलण्यात पक्की साताऱ्याची. अण्णांना हवं होतं ते झालं होतं. नातू दोन वर्षांचा होता आणि शुद्ध मराठीत पाणी मागत होता. अण्णांनी त्याला उचलून घेतलं, पण फार वेळ नाही. आईकडे दिलं आणि आत जाऊन बसले.

दुपारी आम्ही बायका आणि ताईचा दीर जेवलो. अण्णा नेहमीप्रमाणे मागाहून बसले. आई चुलीपाशी होती, ताई वाढायला. मी दारात बाळाला घेऊन उभी होते. ताईनं भात वाढला, वरण वाढलं, आणि मग भांडं खाली ठेवून ती अण्णांच्या समोर जमिनीवर बसली.

ती म्हणाली, "अण्णा, त्या दिवशी तुम्ही काय बोलणार होतात?"

अण्णा म्हणाले की आता ते कशाला. ती म्हणाली, त्याच्यापायी तीन वर्षं ऐकून घेतलंय, मला कळायला हवं. रागानं म्हणाली नाही. अण्णांनी बराच वेळ भात कालवला. ते इंग्रजीत होतं, म्हणाले, तुला सगळं समजणार नाही. मग मराठीत सांगा, ताई म्हणाली.

त्यांनी सुरुवात केली. "ही माझी मुलगी" एवढं म्हणाले आणि थांबले. पुन्हा म्हणाले, "ही माझी मुलगी." ज्या माणसानं परक्या बायकांच्या हसण्यावर ओळीच्या ओळी लिहिल्या त्याला पुढचं वाक्य येईना. मला आधी वाटलं ते विसरले. तसं नव्हतं. ते ताईकडे न बघता म्हणाले, "इंग्रजीत ते छान होतं. दुसऱ्याचं असल्यासारखं म्हणता येत होतं. मराठीत म्हटलं की खरं होतं."

"होऊ दे," ताई म्हणाली.

अण्णांनी हात पानावरून उचलला, पण ते उठले नाहीत. खाली मान घालून म्हणाले, "तू जाऊ नयेस असं मला वाटत होतं. एवढंच होतं त्यात. बाकीची सजावट."

मग ते रडले. माझ्या वडिलांना रडताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. ताईनं त्यांचा खरकटा हात दोन्ही हातांत धरला आणि तीही रडली.

चुलीपाशी आई आमच्याकडे पाठ करून बसली होती. तिनं तव्यावरची पोळी उलटली नाही. ती करपली, तिचा वास आला. मागं वळून न बघता आई म्हणाली, "हे तेव्हा मला सांगून दिलं असतंत, तर मी तिला जाऊच दिलं नसतं."